व्हिएन्नासाठी तीन तासिका

बाबा गेल्यानंतर सोळाव्या दिवशी मी शाळेत परतले, तर स्टाफरूममधल्या माझ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसून माझ्याच वहीत पाठाचं टाचण लिहीत होता.

"ही वही माझी आहे," मी म्हणाले.

तो दचकून उठला. "सॉरी मॅडम. मी संदेश. तुमच्या रजेत दहावीला इतिहास मीच घेतला... टाचण रोज लिहावंच लागतं ना." मग हळूच, "अक्षर वाईट आहे, माहीत आहे."

खरंच वाईट होतं. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं — आणि ते त्यानं पाहिलं.

मोठ्या मॅडमनी त्याला महिनाअखेरपर्यंत ठेवून घेतलं. 'अ' तुकडी माझी, 'ब' त्याची; टाचण मात्र दोघांचं एकच हवं, हा शाळेचा नियम. म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही लायब्ररीत बसायचो. धडा होता १८१५चा. नेपोलियनचा पराभव, व्हिएन्नाची परिषद, हाकललेल्या राजांना पुन्हा गादीवर बसवणं.

"एक तासिका पुरे," मी म्हणाले. मला लवकर संपवायचं होतं. सगळंच.

"तीन," तो म्हणाला. "अहो मॅडम, लढाई संपली आणि यांनी ठरवलं, मधली पंचवीस वर्षं झालीच नाहीत. एवढा मोठा हट्ट एका तासिकेत?"

मी उद्दिष्ट लिहिलं : 'जुनी व्यवस्था परत का आणली, हे विद्यार्थी सांगू शकतील.' त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं — बोटं जराशी लागली — आणि खाली लिहिलं : 'ती कोणाला परत नको होती, हेही सांगू शकतील.'

"माझे आजोबा परभणीकडचे," तो वर न पाहता म्हणाला. "'पूर्वी किती छान होतं' असं कुणी म्हणालं, की ते विचारायचे — कुणाला?"

मी पेन परत मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "घरी कोण असतं?"

"आत्या. आणि बाबांचा पेपर."

"म्हणजे?"

"उर्दू पेपर. त्या काळी इथे व्हायचं तसं त्यांचं शिक्षणच उर्दूतून झालं होतं. मला अक्षरही वाचता येत नाही, पण चालू ठेवलाय. रोज सकाळी कालचा उचलते, आजचा त्यांच्या खुर्चीवर ठेवते. साडेसहाला चहा, सातला रेडिओ... काहीही हलवलेलं नाही."

"व्हिएन्ना," तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता. पण मी इतकी दमले होते, की कुणीतरी खरं बोललं याचंच बरं वाटलं.

"फ्रान्समध्ये किती वर्षं टिकलं ते?" त्यानं विचारलं.

"पंधरा. तुम्हाला माहीत आहे."

"तुमच्यासाठी तेवढं थांबेन मी. फक्त कुकटपल्लीहून यायला दोन बस बदलाव्या लागतात."

"संदेश सर..."

"सर नक्को." तो हसला, मग हसणं विरलं. "शनिवारी माझा शेवटचा दिवस आहे, वृषाली. लग्नाला हो की नाही, तेवढं सांगा. पण आधी घरी सांगा... मी कुठल्या घरचा, तेसुद्धा. लपूनछपून मला जमायचं नाही."

उत्तराऐवजी मी धडाच शिकवला, तिन्ही तासिका.

शनिवारी तो 'ब' तुकडीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यातून येत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काल आत्याला सांगितलं."

"सगळं?"

"नाव, आडनाव, आजोबा. सगळं."

"काय म्हणाल्या?"

"उठून देवघरात जाऊन बसली."

"आणि आज सकाळी?"

"सकाळीही तिथेच होती."

त्यानं गठ्ठा खिडकीत ठेवला. वरची वही उगाच सरळ केली. "मग... नाही?"

"तिचं नाही. मी माझं सांगायला आलेय." आवाज थकलेलाच होता माझा, दुसरा कुठून आणणार? "उद्या संध्याकाळी या. काचीगुडा, स्टेशनमागची दुसरी गल्ली. आत्या बहुतेक दार उघडणार नाही."

"मग?"

"मी उघडेन."