आवाज येऊ दे

मी घरी गेलो तो फ्रिज दुरुस्त करायला. उगाच गैरसमज नको. मायेचा उमाळा वगैरे कुणालाच आला नव्हता, ना मला, ना त्यांना. आईचा फोन आला, "फ्रिज फार घरघरतोय रे. छोटीला वाचताना त्रास होतो. बघून जाशील?" कॉलेज सोडून मी फ्रिज दुरुस्तीच्या कामाला लागलो, त्यानंतर घरून आलेला हा पहिला फोन. मुलगाही बिघडला होता आणि फ्रिजही. दोघांतलं दुरुस्त करण्याजोगं काय, ते त्यांनी ठरवलं होतं.

रविवारची दुपार कलली होती. हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढलो, तर दारावरची बेल काढून टाकलेली. तिच्या जागी दोन वायरी आणि टोकांना चिकटपट्टी. दार नुसतं लोटलेलं. आत टीव्हीवर चादर घातलेली. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात, कपड्यांखाली ठेवलेलं, टिकटिक नको म्हणून. आई मोजे घालून चालत होती. घरातलं कुणी गेल्यावर असते तसली शांतता, आणि त्या शांततेत फ्रिजची घरघर सोडली तर एकच आवाज. छोटी वाचत होती.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती, पुढच्याच रविवारी. खरं तर बाबा तिला बसवणार होते. बाबांनी उभा जन्म औषधाच्या दुकानात, काउंटरमागे, डॉक्टरांची अक्षरं लावण्यात घालवला. घरात एक डॉक्टर निघाला की त्या सगळ्याचं सोनं होणार होतं. आधी तो मान माझा होता. मी परीक्षेच्या हॉलमधून कोरा पेपर देऊन उठून आलो, तेव्हापासून तिचा.

आमच्या घरातली पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे अभ्यास मोठ्यानं करायचा. मनातल्या मनात वाचणं म्हणजे टंगळमंगळ. खोलीचं दार बंद, बाहेर खुर्ची टाकून बाबा, आणि त्यांचं ठरलेलं वाक्य : "आवाज येऊ दे." आवाज थांबला की दारावर बोटाच्या पेरानं टक. ओरडणं नाही, मारणं नाही, नुसतं टक. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मी त्या खोलीत अगदी लहानपणापासून बसलोय. अजूनही कुणी टेबलावर चमचा आपटला, तर तोंडातल्या तोंडात माझी जीभ हलते.

बाबा खुर्चीत होतेच. मांडीवर वर्तमानपत्र, डोळे मिटलेले, चेहरा मैफलीत बसलेल्या माणसासारखा.

"आलास?" डोळे न उघडता ते म्हणाले. "पाय वाजवू नकोस."

"कसे आहात वगैरे विचारायचं, की तेही नको?"

"स्वयंपाकघर तिकडे आहे."

"माहितेय. इथंच वाढलोय मी."

"वाढलास, तेवढंच."

मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर झाकलेली ताटं होती. एकावरचं झाकण उचललं, तर अन्न तसंच, वर साय धरल्यासारखं सुकलेलं. दुसऱ्यातही तेच.

"हे काय?"

"तिचंच," आई कुजबुजली. "दाराशी ठेवते. परत येतं तसंच."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलायला आत जावं लागतं. मध्येच तोडलं की लय जाते, म्हणतात हे." मग घाईघाईनं म्हणाली, "पण आवाज ऐकलास ना? कसा खणखणीत आहे! उपाशी माणसाचा असतो का रे असा?"

ती मला खरंच विचारत होती. मी पिशवी उघडली आणि फ्रिजचं बटण बंद केलं.

घरघर थांबली आणि आवाज एकदम जवळ आला. आमचं निम्मं काम कानाचं असतं. काय हादरतंय, काय घासतंय, ते आधी ऐकायचं, मग पाना लावायचा. त्यामुळे कान न सांगता तिकडे वळला. "...हृदयाच्या उजव्या कर्णिकेत शरीरातलं अशुद्ध रक्त येतं, तिथून ते उजव्या जवनिकेत ढकललं जातं..." आवाज छोटीचाच. पण छोटी वाचताना धावते. अवघड शब्द गिळते, नाक ओढते, वाक्य संपलं की हुश्श करते. ह्यात त्यातलं काही नव्हतं. एक वाक्य संपायचं, दुसरं सुरू व्हायचं, मध्ये सुतासारखीही फट नाही. कॉम्प्रेसरखालचं झिजलेलं रबर हातात धरून मी ती श्वास कधी घेते याची वाट बघत राहिलो. परिच्छेद संपला. पुढचा सुरू झाला. शेवटी मलाच श्वास सोडावा लागला. तिनं घेतलाच नव्हता.

मागची जाळी धुळीनं भरली होती. ब्रश झटकायला मागच्या बाल्कनीत गेलो. खोलीची खिडकी तिथंच उघडते. पडदा अर्धा सरकलेला होता.

टेबलावरचा दिवा चालू होता. पुस्तक मिटलेलं होतं. खुर्ची टेबलापाशी होती आणि तिच्यात कुणी नव्हतं. आवाज तिथूनच येत होता. कुणी बसलं असतं तर तोंड जिथं आलं असतं, नेमका तेवढ्या उंचीवरून.

छोटी पलंग आणि भिंतीच्या फटीत बसली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात कानांवर, ओठ घट्ट मिटलेले.

"छोटे..."

ती दचकली नाही. मान वळवली आणि रांगत गजांपाशी आली. उभं राहणं तिला जमत नव्हतं. मी कान गजांना लावला. कागदावर कागद घासावा तसा तिचा आवाज आला.

"दादा... तुला पण येतंय ऐकू?"

"येतंय."

तिचे डोळे भरून आले. घाबरून नाही, सुटका झाल्यासारखे.

"कधीपासून?"

"सराव परीक्षेचे मार्क आले ना... त्या दिवशी. वाचवेचना. अक्षरं हलायला लागली. मी थांबले. रडत होते. म्हटलं, आता टक होईल... झालंच नाही. मग वर बघितलं, तर वाचन चालूच... माझ्याच आवाजात."

"मग बाहेर यायचं की गं!"

"आधी बरं वाटलं रे." ती खाली बघत म्हणाली. "म्हटलं, वाचू दे तिला... मी जरा पडते. पण उठले की माझा आवाज आणखी बारीक. ती जेवढं वाचते, तेवढा माझा..." तिनं गळ्याला हात लावला. पुढचं आलंच नाही, नुसते ओठ हलले.

आतला आवाज किंचित चढला. कुणी बोलत असताना मुद्दाम टीव्ही मोठा करावा, तसा.

मी सरळ बाबांपुढे जाऊन उभा राहिलो.

"ती वाचत नाहीये, बाबा."

त्यांनी एक डोळा उघडला. "फ्रिजांमध्ये डोकं घालून बहिरा झालास काय?"

"आत जाऊन बघा. दार उघडून नुसतं बघा."

"बघायचंय काय त्यात? ऐकू येतंय."

"ती जमिनीवर बसलीय, तोंड मिटून. उभं राहवत नाहीये तिला. असं कुणी तुमच्या दुकानात आलं असतं, तर बाकावर बसवून पाणी तरी दिलं असतंत."

"परीक्षा म्हटली की होतं थोडं. तुलाही व्हायचं."

"मला व्हायचं, हे तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी नीट केली. बाजूनं, कडेनं, सावकाश.

"तिचंही तुझ्यासारखंच करून ठेवायचंय का तुला?" ते म्हणाले.

"ती जगावी, एवढंच बघायचंय."

आवाज चालू असताना ते दार आमच्या घरात कधी कुणी उघडलं नव्हतं. मी उघडलं. आत बंद खोलीचा वास नव्हता. परीक्षेच्या हॉलचा होता. घामेजलेले तळहात, लाकडी बाकं, ओळीनं बसलेल्या मुलांनी रोखून धरलेला श्वास. बाहेर उजेड असूनही दिव्याच्या वर्तुळापलीकडे खोली काळी वाटत होती. आवाज थांबला नाही. खुर्चीजवळून जाताना तो माझ्या कानाशी आला. छोटीला उठवायला वाकलो, तेव्हा मानेच्या मागे होता. शब्द ऐकू येत होते, पण मानेला फुंकरही लागत नव्हती.

छोटीचा हात खांद्यावर घेतला. हाडं लागली हाताला. आम्ही उंबऱ्यापाशी आलो, आणि आवाज थांबला.

वाक्याच्या मध्यावर थांबला.

घर इतकं गप्प झालं, की नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं तेही ऐकू आलं. बाबांचा हात उचलला गेला. बोट वाकलेलं, दाराच्या फळीपासून वीतभर दूर. आणि माझ्या तोंडात पुढचं वाक्य आलं. सगळं विसरलेला मी, कोरा पेपर देऊन आलेला मी. पण तेवढं वाक्य शब्दनशब्द जिभेवर तयार होतं. फक्त सोडायचं होतं. सोडलं असतं तर फार बरं वाटलं असतं, हेही कळत होतं...

छोटीनं माझ्या मनगटात नखं रुतवली. मी जीभ चावली. त्याआधी एखादा शब्द निसटला की नाही, मला अजून सांगता येत नाही.

खुर्चीवरून वाचन पुन्हा सुरू झालं.

बाबांचं बोट खाली आलं. त्यांनी छोटीकडे पाहिलं. दुसऱ्याची मुलगी भेटायला आल्यावर बघतात तसं, सभ्यपणे. "दार लावून घे," ते मला म्हणाले. "उघड्यावर आवाज फाटतो."

आई बाहेरच्या दाराशी होती. तिनं छोटीच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि वाकून चपला पुढे ठेवल्या. "घाल," एवढंच म्हणाली.

"आई, तूही चल."

तिनं भिंतीला हात टेकला. वळून बंद दाराकडे बघितलं, मग छोटीकडे, मग पुन्हा दाराकडे.

"आत पोरगी वाचतेय," ती म्हणाली. "तिच्याकडे कोण बघणार?"

मी छोटीला माझ्या खोलीवर आणलं. दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच राहतो मी. ती झोपली, उठली, जेवली, परत झोपली. मी पुस्तकाचं नाव काढलं नाही, परीक्षेचंही नाही. खालून मिस्त्रीच्या शिव्या आणि हातोड्या ऐकू यायच्या, त्यात ती गाढ झोपायची. हळूहळू गळा मोकळा झाला. आधी घोगरा, मग तिचा स्वतःचा, धावता आवाज.

एका संध्याकाळी म्हणाली, "दादा, परीक्षेला गेलेच नाही, तर काय होईल?"

"माझ्यासारखी होशील. नखांत ग्रीस, पण जेवण वेळेवर."

"आणि पुढच्या वर्षी द्यावीशी वाटली तर?"

"तर दे. मनात वाच पण."

ती हसली. नाक ओढून, हुश्श करून. तेवढं ऐकून मला वाटलं, सुटलो.

परीक्षेचा रविवार आला. छोटी ऊन अंगावर येईपर्यंत झोपली, मग आम्ही खिडकीत बसून चहा प्यायलो. माझं डोकं मात्र तापत चाललं होतं. पोरगी घरातून उठून गेली, पेपर बुडाला, आणि आठवडाभर एक फोन नाही. जिवंत आहे का, एवढंसुद्धा नाही. संध्याकाळी मीच फोन लावला. चार शब्द सुनवायचे होते.

बाबांनी उचलला. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"हळू बोला हं," ते म्हणाले. "कोण?"

"मी बोलतोय."

"मी कोण?"

"तुमचा मुलगा. छोटी माझ्याकडे आहे, हे सांगायला..."

"काहीतरी चुकतंय तुमचं." ते समजुतीनं म्हणाले. मला. तुमचं म्हणाले. "मुलगी आत्ताच पेपर देऊन आली. छान गेला म्हणते. लगेच पुढचं घेऊन बसली बघा. आणि मुलगाही बसलाय तिच्याशेजारी. दोघं एकदम वाचतात. ऐका ना..."

त्यांनी फोन दाराकडे धरला असावा. एक आवाज छोटीचा होता. छोटी माझ्यासमोर कप विसळत होती. दुसरा आवाज बारीक होता, मिसरूड फुटायच्या आधीचा, आणि तो मध्ये कुठंही श्वास घेत नव्हता.

लांबून आईनं मला हाक मारली. दूध निवतंय म्हणाली.

फोन माझ्या कानाला होता आणि तोंड मिटलेलं होतं.

"आलो, आई," मी तिकडून म्हणालो.