उभे शिंपले

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या नव्या ओसरीचा कोपऱ्यातला खांब फुटला. मुलं यायची होती. खाली झाडत असलेल्या चौकीदाराचा पाय मात्र चिरडला.

तासाभरात गवंड्याची मुलगी इमारत-तपासनीस बाईंच्या दारात उभी.

"बाबांना पोलिसांनी बसवून ठेवलंय. दुपारी कोठडीत टाकणार म्हणतात. त्यांनी बांधलेलं आजवर काही पडलं नाही हो!"

बाईंनी चहा तसाच ठेवला. "अहो, टॉर्च घ्या!"

त्यांचे यजमान, निवृत्त टंकलेखक, एक बूट घालून दुसरा शोधत होते. या घरात घाई नेहमी त्यांच्या एकाच पायात असायची.

चुनखडीचा तो पुरुषभर उंचीचा अखंड खांब वरपासून खालपर्यंत उभा चिरला होता, भिजलेल्या पुस्तकाची पानं सुटावीत तसा. बाहेरून त्याला चुन्याचा पांढरा हात दिलेला होता. आत, फुटलेल्या दगडात, शिंपलेच शिंपले.

"काय सुंदर आहे!" यजमान टॉर्च धरून म्हणाले. "कसे उभे राहिलेत बघ, मांडणीतल्या ताटल्यांसारखे."

"पुन्हा म्हणा."

"सुंदर?"

"पुढचं."

"मांडणीतल्या ताटल्या."

बाई खुशीत आल्या. म्हणजे नवऱ्याला काही कळेनासं झालं.

पोलीस ठाण्यात गवंडी बाकावर मान खाली घालून बसला होता. "आठही खांब मीच बसवले. खाणीतूनच तयार आले, वर चुना लावून. प्रत्येकावर बाण कोरलेला. खाणीत दगडाची कुठली बाजू वर होती, ते बाण सांगतो. मी बाण वर ठेवून बसवले. चुकलं कुठं?"

कंत्राटदाराने हात झटकले. "मला अखंड खांब हवे होते, जोड नको. दगडातलं मला काय कळतंय? खाण मी पाहिलेलीसुद्धा नाही."

खाणीवर भेटलेला मालक मात्र मोकळाढाकळा माणूस निघाला. "बारा खांब एका दमात काढले, बाई! बाण मी स्वतः कोरतो. जावयालासुद्धा छिन्नीला हात लावू देत नाही. आमचा दगड खाणीत असतो तसाच इमारतीत उभा राहतो."

"आणि चुना?"

"तोही मीच लावला. वाटेत डाग पडायला नकोत."

यजमान दमून खाणीच्या भिंतीतल्या एका थरावर टेकले. थर मांडीएवढा उंच, वर मातीची बारीक पट्टी, मग पुढचा थर. सगळ्यात जाड थरही कमरेच्या वर जात नव्हता. त्यात शिंपले आडवे, गाढ झोपल्यासारखे.

"बाकच आहे की हा," ते म्हणाले.

बायकोने असं पाहिलं, की ते दचकून उठलेच.

दुपारी ओसरीत सगळे जमले. पोलीस अधिकारी घड्याळ बघत होता.

"खाणीतला सगळ्यात जाड थर कमरेएवढा," बाई म्हणाल्या. "खांब पुरुषभर. मग हा खांब खाणीत उभा असेलच कसा? तो आडवा होता. शिंपले समुद्राच्या तळाशी आडवे निजले, ते इथे उभे आहेत. दगड जसा निजला होता तसा ठेवला, तर डोंगर पेलतो. कुशीवर उभा केला, की पानं सुटतात."

"मग गवंड्याला दिसलं नाही?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दिसू नये म्हणूनच चुना. त्याच्या हाती उरला फक्त बाण. तो खोटा होता, आणि बाणाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही, हे आपणच सांगितलंत, मालक."

खाणमालकाचा चेहरा चुन्यासारखा झाला. "जाड थर संपले होते हो. एवढं मोठं काम हातचं जाऊ द्यायचं?"

अधिकाऱ्याने शाळा रिकामी ठेवायला सांगून गवंड्याला सोडलं. मुलगी बापाला बिलगली.

यजमान बोटांवर मोजत पुटपुटत होते. "अगं, पण यांनी आठच बसवले ना?"

या वेळी दचकल्या त्या बाई.

"बारा म्हणाला होतात," त्या मालकाकडे वळल्या. "चार कुठे आहेत?"

"दलालाने उचलले. कुठल्याशा इमारतीच्या दर्शनी भागाला म्हणाला."

"कुठल्या?"

"त्यालाच ठाऊक."

संध्याकाळचे पाच वाजले तरी दलालाचा फोन बंदच होता.