ओट्यावर बसलेला विघ्नेश

विघ्नेशचा खालचा पुढचा दात हलू लागला होता, आणि त्या दिवशी त्याला दुसरा विषयच नव्हता. हॉटेलात इडली खाताना त्याने तो जिभेने ढकलून वाढप्याला दाखवला, महामहम तलावाच्या पायऱ्यांवर एका अनोळखी आजोबांना दाखवला, आणि भांड्यांच्या बाजारात पितळी समयांच्या चकचकीत पोटात तोंड वेडंवाकडं करून स्वतःच पुन्हा पुन्हा पाहिला. "अम्मा, पल्लु आडुदु," तो तमिळमध्ये म्हणायचा, आणि दर वेळी पवित्राला बोट लावून दात हलतो आहे याची खात्री करावी लागायची.

पवित्रा चेन्नईत मेंदूविकारतज्ज्ञ होती. तिची आणि तिच्या नवऱ्याची, मुरलीची, दोघांचीही घराणी तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर दक्षिणेत आलेली. घरात मराठी होती, पण ती मोठ्यांपुरती. दहा वर्षांची दिव्यश्री ती समजायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. पाच वर्षांचा विघ्नेश दोनचार शब्दांपलीकडे जातच नसे. मुलांना एकदा आपला मुलूख दाखवावा म्हणून मुरलीने सुट्टीत तंजावरकडचा हा दौरा आखला होता. सकाळी देवळं, दुपारी मेलकावेरीला त्याच्या आत्याकडे जेवण, आणि मग परत.

गर्दीत शिरलं की पवित्राची नजर आपोआप दोन डोकी शोधत राहायची. सारंगपाणीच्या देवळात, दगडी रथाच्या चाकापाशी, ती दोन्ही डोकी तिच्यासमोर होती. विघ्नेशला थोडी सर्दी होती, मधूनच तो खोकत होता. दुपारची वेळ झाली, पुजाऱ्यांनी दारं लावायला घेतली आणि सगळे बाहेर आले. रस्ता एकाएकी रिकामा झाला होता. फुलवाल्यांनी टोपल्यांवर ओली फडकी टाकली होती. ऊन इतकं की पांढऱ्या भिंतींकडे बघवत नव्हतं.

मुरली कोपऱ्यावर कॉफी घ्यायला गेला. दिव्यश्रीच्या चपलेत खडा गेला होता, पवित्राने वाकून तो काढला. मान वर केली तेव्हा विघ्नेश नव्हता.

तिने आधी शांतपणे हाक मारली. मग मोठ्याने. देवळाच्या मागच्या बाजूला एक अरुंद गल्ली वळत होती. दोन्ही बाजूंना जुनी, एकमेकांना चिकटलेली घरं, प्रत्येकापुढे लाकडी खांबांचा ओटा. दिव्यश्रीचा हात घट्ट धरून ती गल्लीत शिरली. कुठल्या तरी घरात रेडिओ चालू होता, तो मागे पडला. हाक मारली की ती गल्लीत फार पुढपर्यंत जात नव्हती, जवळच कुठेतरी विरत होती.

गल्लीच्या जवळजवळ टोकाला, कुलूप लावलेल्या एका घराच्या ओट्यावर, विघ्नेश पाय खाली सोडून बसला होता.

पवित्रा धावत गेली. तिने त्याला उचलून छातीशी धरलं, मग रागावली, मग पुन्हा धरलं. तो रडला नाही, दचकलाही नाही. तिच्या मानेचा घाम त्याच्या गालाला लागला, पण त्याचं अंग कोरडं होतं. गार होतं. सावलीत बसला होता, तिने मनाशी म्हटलं.

"मज तहान लागली," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "काय?"

"मज तहान लागली. पाणी दे."

तेवढ्यात मुरली धावत आला, त्याने मुलाला कडेवर घेतलं आणि सगळे परत फिरले. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा मागून कुणीतरी खोकलं. मग हाक आली. "अम्मा."

पवित्रा थांबली. विघ्नेश बापाच्या खांद्यावर मान टेकून होता, त्याचे ओठ मिटलेले होते.

"काय झालं?" मुरलीने विचारलं.

"कुणीतरी हाक मारली."

"कुणाचं तरी पोर असेल. चल, आत्या वाट बघत असेल."

दिव्यश्री मागे वळून पाहत होती. तिला ओढूनच रिक्षात बसवावं लागलं.

मेलकावेरीला रुक्मिणीबाई दारातच उभ्या होत्या. मुरलीची ही आत्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहायची, आणि तिची मराठी अजून तशीच जुन्या वळणाची होती. "या, या, बैसा," म्हणत तिने मुलांच्या तोंडावरून हात फिरवला. "हा तर गार आहे रे. उन्हांतून आलास ना तूं?"

"उन्हांतून आलों," विघ्नेश म्हणाला. "आतां जेवावयास वाढा."

रुक्मिणीबाईंच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "अगो बाई. किती गोड बोलतो. आमच्यांत असें बोलणारें कोणी राहिलें नाहीं. कोणी शिकविलें तुला?"

"बाबांनी," मुरली अभिमानाने म्हणाला. त्याचे वडील, कृष्णमूर्ती, रोज संध्याकाळी फोनवर नातवंडांशी बोलायचे. "मी म्हणत नव्हतो, एक दिवस सगळं बाहेर येईल?"

असेल. पवित्राला ते पटायला हवं होतं. मुलं ऐकत असतात, साठवत असतात आणि कधीतरी अचानक बोलू लागतात, हे तिने स्वतः कित्येक पालकांना सांगितलं होतं.

पानावर विघ्नेश निमूट बसला. एरवी भाताचे चार घास भरवताना घर डोक्यावर घेणारा मुलगा एकामागून एक घास खात होता. सांबार भात, रसम भात, ताक भात. रुक्मिणीबाई वाढत होत्या आणि कौतुकाने बघत होत्या. दिव्यश्री आपलं पान उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती.

हात धुताना पवित्राने त्याला मोरीत उजेडाकडे उभं केलं. हनुवटीवरची टाक्यांची खूण तिथेच होती. कानामागचा तीळ होता. गुडघ्यावर परवा खेळताना पडल्याचं खरचटलेलं होतं, त्यावर धरलेली खपलीसुद्धा होती.

"आ कर," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. तिने त्या दाताला बोट लावलं. हलकेच दाबलं. मग जोर लावला.

दात पक्का होता.

तो तिच्याकडे बघत होता, न रागावता, न घाबरता. तिने बोट काढून घेतलं आणि साबणाने हात धुतला. मग आपण हात धुतला याचीच तिला लाज वाटली.

एक आजार असतो. आपलं माणूस समोर असतं, चेहरा तोच, आवाज तोच, पण मेंदू ठामपणे सांगतो की हे ते नव्हे, त्याच्यासारखं दुसरंच कुणीतरी आहे. पवित्राने असे रुग्ण पाहिले होते. एक आजी तर आपल्या मुलाच्या अंगावरच्या खुणा मोजून दाखवायच्या आणि म्हणायच्या, बघा, सगळ्या अगदी बरोबर केल्या आहेत. मूल हरवल्याचा धक्का, ऊन, सकाळपासूनची धावपळ. तिने स्वतःचीच नाडी पाहिली. ती जलद होती.

ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दिव्यश्री तिथे जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"अम्मा," ती हळूच इंग्रजीत म्हणाली, "आपण त्याला आणायला कधी जायचं?"

"कुणाला?"

दिव्यश्रीने घराकडे पाहिलं आणि पाय जवळ ओढून घेतले.

पवित्राने मुरलीला सांगितलं की बाजारात समई पाहिली होती, ती घेऊन येते. मुरली झोपाळ्यावर पेंगत होता, तो बरं म्हणाला. रिक्षावाल्याला तिने भांड्यांच्या बाजाराचं नाव सांगितलं आणि अर्ध्या वाटेवर ते बदललं.

गल्ली तशीच होती. ऊन थोडं कललं होतं, त्यामुळे आता एका बाजूचे सगळे ओटे उन्हात होते. ती कुलूप लावलेल्या घरापुढे आली आणि थांबली. दाराच्या चौकटीवर वाळलेलं तोरण होतं. फटीतून थंड हवा येत होती, ओल्या चुन्याचा वास असलेली.

"विघ्नेश," तिने हाक मारली. स्वतःच्या आवाजाचं तिला हसू आलं.

"अम्मा," आतून आवाज आला.

बरोबर दाराच्या मागून. खालून, पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून.

ती शेजारच्या घराचं दार बडवू लागली. धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले, झोपेतून उठलेले. शेषाद्री नाव सांगितलं. तमिळमध्येच ते म्हणाले, घर रिकामं आहे, मालक परदेशात असतात, किल्ली माझ्याकडे. ती काय बोलत होती ते तिला नंतर आठवलं नाही, पण त्यांनी प्रश्न न विचारता किल्ली आणली. कुलूप गंजलेलं होतं, उघडायला वेळ लागला. तेवढा वेळ आतून काहीच आवाज आला नाही.

दार उघडलं. मध्ये अंगण, त्यात वरून उतरलेलं ऊन. दोन खोल्या, दोन्हींची दारं सताड उघडी. जमिनीवर धुळीचा जाड, सपाट थर. त्या थरावर कुणाचंही पाऊल नव्हतं. कबुतराचंसुद्धा नाही.

तिने तरीही प्रत्येक खोलीत जाऊन पाहिलं. मागचं दार पाहिलं, त्याला आतून अडसर होता. विहीर पाहिली, तिच्यावर जाळी होती. जाळीतून खाली कोरडा तळ दिसत होता.

"मूल हरवलंय का?" शेषाद्रींनी दारातून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "घरी आहे."

त्यांनी मान हलवली. त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. "मग घरी जा, अम्मा," ते म्हणाले. त्यांनी कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि आपल्या घरात गेले.

ती ओट्याच्या पायऱ्या उतरली.

आत कुणीतरी खोकलं.

तो खोकला तिला पाठ होता. गेल्या रात्री तिने दोनदा उठून त्याला कोमट पाणी पाजलं होतं.

फोन वाजला. मुरलीने व्हिडिओ लावला होता. पडद्यावर विघ्नेश, ओठांना ताक लागलेलं. "अम्मा, ये," तो म्हणाला.

"अम्मा, ये," दारामागून आवाज आला.

तिने डोळे मिटले. घर मी पाहिलं आहे, ती स्वतःला म्हणाली. सगळं पाहिलं आहे. आत कुणी नाही. माझा मुलगा फोनमध्ये दिसतो आहे. मला चेन्नईला गेल्यावर कुणालातरी भेटायला हवं.

ती चालू लागली. मागून पुन्हा हाक आली, मग आणखी एक, रडवेली. ती वळली नाही. गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ती जवळजवळ धावत होती.

ते चार वाजायच्या आत आपल्या गाडीने निघाले. रुक्मिणीबाईंनी वाटेसाठी डबा दिला, विघ्नेशच्या गालावरून बोटं फिरवून ती कानशिलावर मोडली. दिव्यश्री पुढे, बापाशेजारी बसायचं म्हणून हटून बसली आणि एकदाही मागे वळली नाही. मुरलीने गाणी लावली. कावेरीवरच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली वाळूत पाण्याची बारीक धार चमकत होती. पवित्रा खिडकीकडे तोंड करून बसली होती. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण आवाज होऊ नये एवढी काळजी ती घेत होती.

शेजारी बसलेला मुलगा सरकून तिच्या जवळ आला.

"रडूं नको," तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला. "त्यास तिथें भूक लागत नाहीं."

मग त्याने तिच्या पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला आणि एकही तुकडा सांडू न देता, तो संपेपर्यंत खात राहिला.