कुणाला विचारून?

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर बुवांनी प्रथमच खुणेने पाटी मागितली, तेव्हा माईंना कोण आनंद झाला! लिहून का होईना, पण हा माणूस आता आपल्याशी बोलणार... ओले हात अंगावरच पुसत त्या लगबगीने पलंगापाशी आल्या. बुवांच्या गळ्याला भोक पाडलं होतं, त्यातूनच ते आता श्वास घेत. त्यावर बांधलेला पातळ रुमाल श्वासागणिक हलत होता. त्यांनी दोन शब्द लिहिले आणि पाटी माईंच्या तोंडासमोर धरली.

‘कुणाला विचारून?’

 “अहो, डॉक्टर म्हणाले...” एवढंच माईंच्या तोंडातून कसंबसं निघालं. पण बुवांनी पाटी उशीखाली सारली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती पाटी लेकीसाठी निघे, भेटायला येणाऱ्यांसाठी निघे, दूधवाल्याशी हुज्जत घालायलासुद्धा निघे. माईंसाठी मात्र ती पुन्हा निघाली नाही!

बुवा म्हणजे नावाजलेले गवई. त्यांनी षड्ज लावला की सभागृहातले बोलघेवडे लोकही अर्ध्या वाक्यात थांबत. आवाजात खरखर आली तेव्हा ‘थंडी बाधली’ म्हणत त्यांनी काढ्यांवर काढे रिचवले आणि शेवटी तपासणी झाली, तोवर गळ्यातली गाठ हातपाय पसरून बसली होती. गाठ तेवढी काढू, आवाज राखायचा प्रयत्न करू, असं सर्जन म्हणाले होते. ऑपरेशनला नेताना बुवांनी स्ट्रेचरवरून माईंचा हात धरला.

“हे बघ, आत काही कमीजास्त झालं तर आवाजाला हात लावू द्यायचा नाही. मुकं होऊन जगण्यापेक्षा मी गेलेला बरा! शब्द दे मला.”

माईंनी मान डोलावली. त्या घटकेला दुसरं काय करणार होत्या त्या?

आणि दुपारी सर्जन मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर आले. “ताई, गाठ स्वरयंत्रात पसरली आहे. ते सगळं काढलं तर जगतील. नाहीतर फार दिवस नाहीत. ते टेबलावर आहेत, मला आत्ता सांगा.”

“माझी लेक खाली औषधं आणायला गेलीय हो... ती एवढी येऊ दे...”

“थांबण्यासारखं नाही, ताई.”

माईंनी लिफ्टच्या बंद दाराकडे पाहिलं. एका बाजूला त्या माणसाचा आवाज, दुसऱ्या बाजूला त्याचा जीव, आणि मधे दिलेला शब्द घेऊन उभ्या असलेल्या आपण... देवा, ही निवड करायला तुला दुसरं कुणी नाही का रे मिळालं?

“माणूस वाचवा,” त्या म्हणाल्या.

माणूस वाचला. गायक गेला. लेक औषधांची पिशवी घेऊन वर आली आणि तिला सगळं कळलं. “आई, दोन मिनिटं कळ काढायची होतीस गं!” ती एवढंच म्हणाली, पण ते वाक्य माईंच्या काळजात रुतलं ते रुतलंच. दोन मिनिटांनी लेक तरी काय निराळं सांगणार होती? पण निदान पापाला वाटेकरी तरी मिळाला असता!

दिवस चालले होते. माई गळ्याची नळी धूत, रुमाल उकळत, सूप गाळून देत. बुवा सारं निमूटपणे करून घेत, आणि त्यांच्या डोळ्यांत एखाद्या परक्या नर्सशी असावी तेवढीच ओळख असे. त्या उपेक्षेपेक्षा त्यांनी दोन थपडा मारल्या असत्या तरी माईंना हलकं वाटलं असतं!

अशातच बुवांची आधीपासून ठरलेली मैफल आयोजकांनी लेकीला देऊ केली. तिचं पहिलंच मोठं गाणं. बुवांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी धुगधुगी आली. सकाळ झाली की बापलेक तंबोरा घेऊन बाहेरच्या खोलीत बसू लागली. बुवा बोटांनी हवेत स्वरांची चढउतार दाखवत, मांडीवर लय धरत, पाटीवर लिहीत. पण गाणं का पाटीवर मावतं? मारवा रागातली एक जागा होती. स्वर षड्जाच्या उंबरठ्यापर्यंत येतो, आत पाऊल टाकत नाही आणि तसाच तळमळत मागे फिरतो... ती काही केल्या लेकीच्या गळ्यात उतरेना.

“असं, बाबा?”

नाही. बुवांनी हाताने खुणावलं.

“मग असं?”

नाही! बुवांनी मांडीवर मूठ आपटली. त्यांनी तोंड उघडलं, मान ताठ केली, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या... आणि रुमालाखालून नुसती हवा फुसकन बाहेर आली. लेकीने तोंड फिरवलं. बुवांनी पाटी उचलून भिंतीवर फेकली, तिचे दोन तुकडे झाले.

आत स्वयंपाकघरात भाजी निवडणाऱ्या माईंचं अंतःकरण विदीर्ण झालं. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांच्या ओठांतून ती जागा निघाली. जशीच्या तशी! उंबरठ्यापर्यंत आलेली आणि तळमळत मागे फिरलेली.

बाहेर तंबोरा थांबला. बुवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माईंना वाटलं, जखमेवर मीठच चोळलं की आपण!

“चुकलं माझं... सहज आलं तोंडातून...”

मागून लेक आली. “आई! तुला गाता येतं?”

“माझ्या सासऱ्यांची मी शिष्या गं. लग्नाआधीची. तुझे बाबा आणि मी एकत्रच शिकायचो.”

बुवांनी इकडेतिकडे पाहिलं, ओट्यावरच्या परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने लिहिलं, ‘तू कधी थांबलीस?’

माई त्या अक्षरांकडे बघतच राहिल्या. रागावून विचारलं असतं, टोमणा मारला असता, तर त्यांनी सोसलं असतं. पण बुवांच्या चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल होतं. त्यांना ठाऊकच नव्हतं! एका छपराखाली आयुष्य गेलं, आणि आपल्या बायकोचं गाणं बंद पडलंय हे या माणसाच्या कधी लक्षातही आलं नव्हतं! इतक्या वर्षांचा बांध त्या क्षणी फुटला.

“ही पोटात होती तेव्हा! तुमचे दौरे सुरू झाले, घरी शिष्यांचा राबता सुरू झाला. एक दिवस मी रियाजाला बसले, तर तुम्ही आतून ओरडलात, ‘अगं, जरा गप्प बसतेस का, मला सूर सापडत नाहीये.’ मी गप्प बसले. वाटलं, उद्या म्हणतील, गायला बस म्हणून... परवा म्हणतील... तुम्हांला विचारलं नाही म्हणून तुम्ही माझ्याशी अबोला धरलात. बरोबरच आहे तुमचं! मी शब्द मोडला. पण अहो... माझा आवाज गेला तेव्हा मला तरी कुणी विचारलं होतं का?”

 बुवांचे डोळे भरून आले. रडायलाही आवाज लागतो, हे माईंना तेव्हा कळलं. त्या नुसत्याच गदगदणाऱ्या खांद्यांकडे त्यांना बघवेना. त्या पुढे झाल्या. बुवांनी त्यांचे भाजीने हिरवे झालेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, कपाळाला लावले आणि त्यांना धरून बाहेर नेलं. लेकीच्या शेजारी बसवलं.

त्या दिवसापासून माई गात आणि लेक उचले. माईंचा आवाज पडला होता, वरच्या स्वरांना तो फाटे, दम पुरत नसे. मधेच त्या हताश होऊन म्हणत, “राहू दे हो, आता या वाळल्या झाडाला कुठली पालवी!” बुवा बोट वर करत. पुन्हा. जिथे माईंचा आवाज तुटे, तिथून लेकीचा पुढे जाई. गेलेलं काही परत येणार नव्हतं, त्यांचंही नाही आणि बुवांचंही नाही. हे तिघांनाही कळत होतं.

मैफल रंगली. लेकीने ती जागा घेतली तेव्हा सभागृहाने श्वास रोखून धरला. गाणं संपल्यावर लोकांनी पहिल्या रांगेतल्या बुवांभोवती गर्दी केली.

“बुवा, तुम्हीच गाताय असं वाटलं!”

“केवढी मेहनत घेतलीत तिच्यावर! धन्य आहात!”

बुवांनी जोरजोराने मान हलवली. बाजूला उभ्या असलेल्या माईंकडे त्यांनी बोट दाखवलं. मग आपल्या गळ्याकडे, मग पुन्हा माईंकडे, मग व्यासपीठावरच्या लेकीकडे. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. बुवांचा चेहरा लाल झाला. ते पुन्हा पुन्हा बोट दाखवत राहिले, ओठ हलवत राहिले... अख्ख्या जगाला ओरडून सांगायची वेळ आली, आणि घशात एक अक्षर नाही!

“अहो, त्यांना पाणी हवंय! घसा दाखवतायत बघा!” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. “ताई, त्यांना पाणी द्या!”

एक भरलेला पेला हातोहाती पुढे आला आणि माईंच्या हातात पडला. बुवांनी तो पाहिला आणि त्यांचा वर उचललेला हात अगतिकपणे खाली आला.

माई त्यांच्यापुढे वाकल्या. “असू दे,” त्या हळूच म्हणाल्या, “मला ऐकू आलं.”

आणि त्यांनी पेला बुवांच्या ओठांशी धरला.