चाचणीपुरता चेहरा

माझा फ्लॅश सरळ त्याच्या डोळ्यांत गेला, आणि मागे सरकता सरकता तो फुलांच्या कमानीवर आदळला.

"अहो! फोटो काढताय की एक्स-रे?"

"तुम्हीच मध्ये आलात!" मी फणकारले. चूक माझीच होती, पण पहिल्याच भेटीत चूक कबूल करायची म्हणजे... नाही जमत मला.

डोळे चोळत तो उभा राहिला. केसांत एक पाकळी अडकलेली. हा या लग्नाचा व्हिडिओवाला, मुलाकडच्यांनी आणलेला. मी फोटोवाली, मुलीकडची. आमच्या धंद्यात या दोघांचं साप-मुंगसाचं नातं असतं.

"हा असा उघडा फ्लॅश मारलात ना, तर माझ्या व्हिडिओत दर मिनिटाला वीज कोसळेल," तो म्हणाला. "त्याच्यावर काहीतरी झाकण घाला."

"झाकण नाही म्हणत. डिफ्युझर म्हणतात."

"मग ते घाला, बाई!"

बाई म्हणे! मी रागारागाने बॅग उघडली. पण खरं सांगू? मामांच्या स्टुडिओतून एकटीने करायचं माझं हे पहिलं लग्न. मामा स्पष्ट म्हणाले होते, "हे नीट पार पाडलंस तर पुढची लग्नं तुझी. नाहीतर पासपोर्टचे फोटो आहेतच." दिवसभर 'मान सरळ, हसू नका' म्हणत बसायचं... त्यापेक्षा मरण बरं.

त्यात मी शहाणी! स्टेजशेजारी मोठा पडदा लावा, मी काढलेला फोटो लगेच पाहुण्यांना दिसेल, हे खूळ माझंच. मामांच्या मागे लागून लागून मी ते मंजूर करून घेतलं होतं. सकाळी कॅमेऱ्याचं वायफाय लॅपटॉपला जोडून पाहिलं, चालतंय म्हणून खूश झाले आणि पडदा तेवढा बंद केला. वायफाय बंद करायचं राहिलं. ते पुढे कळलं.

"उभे राहा तिथे," मी त्याला म्हटलं. "चाचणीला चेहरा हवाय."

"कसा हवाय? हसरा, रडका?"

"गप्प."

आधी पांढरी प्लास्टिकची टोपी लावली, फ्लॅश वर करून मारला. हॉलचं छत उंच आणि काळपट. वर गेलेला प्रकाश उसन्या दिलेल्या छत्रीसारखा, परत यायचं नाव नाही. मग भिंतीवर मारला. भिंत हिरवीगार, त्यामुळे त्याचा चेहरा असा आला की आता ओकेल की मग.

"दाखवा बघू... अरे देवा! हा आईला नका दाखवू."

मला हसू फुटलं. दाबलं, पण त्याने पाहिलं.

शेवटी कापडी डबा काढला, घडीचा, फ्लॅशवर चढवायचा. हा बरोबर होता. फक्त त्याची एक खोड, तो चेहऱ्याच्या जवळ न्यावा लागतो. मी पुढे झाले... अजून थोडी पुढे.

"एवढं जवळ यावं लागतं?" त्याने हळूच विचारलं.

"हो. लांबून मारला की सावल्या कडक पडतात. जवळून मऊ."

"सगळ्यांच्याच इतक्या जवळ जाता?"

"बाकीचे इतके प्रश्न विचारत नाहीत."

तो हसला. डाव्या गालावर एक बारीकशी खळी पडली — पडली काय, माझा घातच केला तिने. चाचणी संपली होती. मला हवा होता तो प्रकाश मिळाला होता. तरी मी थांबले नाही. तो कोपरावर वायर गुंडाळत होता, त्याचा एक फोटो. पाकळी शोधायला केसांत हात घातला, त्याचा एक. नुसत्या हाताचा एक. काय गरज होती? काही नाही!

"आता माझी पाळी," म्हणत त्याने कॅमेरा माझ्या हातातून घेतला. "तुमच्यावर कसा पडतो ते कोण बघणार?"

"माझ्यावर कशाला... बरं. कुठे बघू?"

"माझ्याकडे."

मी बघितलं. नुसतं बघितलं हो, दुसरं काही नाही! क्लिक झालं, आणि फोटो न पाहताच कॅमेरा हिसकावून मी नवरीच्या खोलीकडे सुटले.

खोली छोटी, छत बुटकं आणि पांढरं. इथे टोपीच हवी. फ्लॅश वर केला, आणि खोलीभर प्रकाश सांडला. आजींच्या चष्म्यावर चमक नाही, नवरीच्या कपाळावर तेलकट ठिपका नाही. मी मनातल्या मनात पासपोर्टच्या फोटोंना कायमचा नमस्कार केला.

तेवढ्यात हॉलमधून हशा ऐकू आला. मग आणखी मोठा. आणि नवरीची बहीण धापा टाकत आत आली.

"ताई, तो तुमचा व्हिडिओवाला पडद्यावर आलाय!"

"माझा कुठला—" मी म्हटलं, आणि एकदम आठवलं. वायफाय!

धावले. पाहुणे जमले म्हणून हॉलवाल्याने पडदा चालू केला होता आणि लॅपटॉपमधले फोटो पहिल्यापासून एकामागून एक येत होते. हिरवा तो. हसरा तो. वायर गुंडाळणारा तो. भिंतीएवढा मोठा तो.

"काय हो, नवरा बदलला का काय?" कुणी काका ओरडले, आणि खुद्द नवराच पोट धरून हसायला लागला.

मग नुसता हात आला. एक काकू म्हणाल्या, "अगंबाई!"

आणि मग मी आले.

रोज आरशात बघते मी स्वतःला. पण हे तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. डबा अगदी जवळ होता, प्रकाश मऊ पडला होता, सावलीला कुठे जागाच नव्हती. मनात जे होतं ते सगळं त्या तोंडावर. हॉल हसायचा थांबला. हसले असते तर परवडलं असतं! आता सगळे पडद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कान नुसते पेटले होते.

तो पडद्याच्या बाजूलाच उभा होता. पडद्याची वायर त्याच्या पायाशी. मीच वाकून ती उपटली.

दारात मामा उभे होते, माझं काम बघायला आलेले. "पोरी, लोकांच्या लग्नात येऊन तू..." ते एवढंच म्हणाले. पुढे शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्टेजमागे जास्तीच्या खुर्च्या रचलेल्या होत्या, त्यांच्या आड जाऊन मी रडले. चांगली मुसमुसून रडले. तो आला तेव्हा नाक पुसायलाही काही नव्हतं. त्याने लेन्स पुसायचं फडकं पुढे केलं.

"वायर तुमच्या पायाशी होती," मी म्हटलं. "आधी काढता आली नाही?"

"आली असती."

"मग?"

"माझे फोटो आले तेव्हाच काढणार होतो. वाकलो पण होतो. तेवढ्यात तुमचा आला... आणि मग हात हलेना. बघतच राहिलो." त्याचे कान माझ्यापेक्षा लाल झाले होते. "तुमची अब्रू चालली होती आणि मी बघत उभा! स्वतःचीच लाज वाटते. मामांना सांगून आलोय, चूक माझी म्हणून."

"तुमची कशी? फोटो मी काढले!"

"शेवटचा मी काढला."

राग तर आला होता, पण धरवेना. एवढ्यात पलीकडून मामांचा आवाज आला. ते लॅपटॉपवर डोकं घालून बसले होते.

"हा शेवटचा कुणी काढला?"

"मी," तो पुढे होऊन म्हणाला.

"फोकस जरा मागे गेलाय." मामा बराच वेळ बघत राहिले. "प्रकाश मात्र चांगला आहे. कुणाचा डबा?"

"माझा," मी पुटपुटले.

"मग रडतेस काय? आधी त्या नवरीची माफी माग. आणि घरच्यांचे फोटो राहिलेत ना?"

मी नवरीपुढे उभी राहिले. मान वर होईना. "ताई, तुमच्या दिवसाचा मी तमाशा केला..."

"सकाळपासून दोन्हीकडचे तोंड फुगवून बसले होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा एकत्र हसले. पण शिक्षा होणार बरं का! आधी फोटो काढा."

माणसं खूप, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून डब्यासकट उंच धरायला कुणी हवं. त्याने स्वतःचा कॅमेरा स्टँडवर लावून चालू ठेवला आणि माझा डबा उचलला. सगळ्या पाहुण्यांदेखत, हात डोक्याच्या वर.

"हात खाली आला तर बघा," मी म्हटलं.

"नाही येणार."

आजोबांचं टक्कल चमकलं नाही, काकूंचा चष्मा चमकला नाही. मामांनी पडद्याची वायर पुन्हा जोडली होती; फोटो पडद्यावर जात राहिले आणि मामा खुर्चीत मागे टेकून बसले. मामा टेकून बसले की काम पास, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"आता शिक्षा," नवरी स्टेजवरून म्हणाली. "या व्हिडिओवाल्यांचा एक काढा. पडद्यावर!"

हॉलमध्ये शिट्या. माझे कान पुन्हा पेटले. नाही म्हणता आलं असतं. काम झालं होतं, बॅग उचलून मागच्या दाराने पळताही आलं असतं.

मी त्याच्याजवळ गेले. चाचणीला गेले होते तेवढीच जवळ.

"डबा स्वतःकडे वळव," मी म्हटलं.

'वळव' म्हटलेलं त्याने ऐकलं. खळी आधी दिसली, मग क्लिक. पडद्यावर भिंतीएवढा तो, लाजून लाल. मघाचे फोटो चुकून गेले होते. हा मी पाठवला.

"हाही चाचणीपुरताच?" त्याने हळूच विचारलं.

लाजेने जीव चालला होता, तोंडापुढे कॅमेरा धरावासा वाटत होता. मी तो खाली घेतला.

"नाही," मी म्हटलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.