असल्याचे म्हटले जाते

उमरग्याच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात एका मराठी मुक्त ज्ञानकोशावर मध्यस्थाचे काम करतो. हा कोश कोणीही लिहावा, कोणीही खोडावा असा आहे. दोन संपादक एकमेकांचे लेखन उलटवू लागले की प्रकरण माझ्याकडे येते. राजघराण्यांवरून होणारी भांडणे मला कधीच अवघड वाटली नाहीत. तिथे दोन्ही बाजू खोटे बोलत असतात आणि दोघांकडेही पुस्तके असतात.

हुणसेकट्ट्याच्या लेखावरचा वाद तसा नव्हता. हुणसेकट्टा हे कर्नाटकाच्या शिवेलगतचे लहान गाव. चिंचेखाली दगडी कट्टा, त्यावर वीरभद्राचे देऊळ, भोवती तुरीची राने. माझा जुना विद्यार्थी रुद्रेश तिथेच शाळामास्तर आहे. गावाच्या लेखात त्याने एक वाक्य घातले होते : ‘कट्ट्यावरील वीरभद्राची पूजा कै. शांतलिंग यांच्यानंतर त्यांचे पुत्र रुद्रेश करतात.’ ‘जाणकार’ नावाच्या संपादकाने ते काढून टाकले. शांतलिंग निपुत्रिक होते, असे कारण दिले आणि पुरावा म्हणून देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेचे पान जोडले. तिथे खरोखरच तसे छापलेले होते.

स्मरणिका रुद्रेशच्या जन्माआधी निघाली होती. छापले तेव्हा ते खरे होते. सत्याला मुदत असते, हे कोशाच्या नियमांत कुठेही लिहिलेले नाही.

रुद्रेश मोटारसायकलवरून माझ्या घरी आला. जन्माचा दाखला, आधारकार्ड, शाळेत रुजू झाल्याचा आदेश, सारे त्याने टेबलावर मांडले. वडिलांची पूजा आपल्याकडे आहे, निदान तेवढे तरी कुठे नोंदलेले राहावे, एवढेच त्याचे मागणे होते. ही सारी प्राथमिक साधने आहेत आणि प्राथमिक साधने कोशात ग्राह्य नाहीत, असे मी त्याला समजावले. स्वतःविषयी स्वतःची साक्ष तर मुळीच नाही.

“मग अव्वाला आणतो, सर. ती सांगंल.”

“आईची साक्षही चालत नाही.”

तो हसला. “म्हंजे माझ्यावर कुणीतरी पुस्तक लिहायला पायजे. ते तर मेल्यावर लिहितेत.”

जाणकाराची भाषा निर्दोष होती. इतके शुद्ध मराठी आमच्या विभागप्रमुखांनाही येत नाही. अर्थात, त्यांना ते येत नाही हे त्यांनाही ठाऊक नाही. त्याने दुसऱ्या कोणत्याही लेखाला कधी हात लावलेला नव्हता. आपण कोण, असे मी विचारले. संपादकाची ओळख चर्चेचा विषय होऊ शकत नाही, असे उत्तर आले. नियम माझाच होता.

मी तोडगा काढला. विद्वानांच्या जगात ज्याला समतोल म्हणतात, तसा. ‘शांतलिंग यांना रुद्रेश नावाचा एक पुत्र असल्याचे म्हटले जाते.’ रुद्रेशने नाराजीने होकार दिला. जाणकाराने लिहिले, ‘मान्य. आभार.’ त्यानंतर तो कोशावर पुन्हा दिसला नाही.

काही दिवसांनी रुद्रेशचा फोन आला. आवाजात थट्टा होती. शेजारचा बंडप्पा, ज्याच्याबरोबर तो लहानपणी कट्ट्यावर गोट्या खेळला, त्याला म्हणाला होता, “शांतलिंगअण्णाला ल्योक हाय म्हणत्यात. त्यो तुमीच का?” मी म्हटले, चेष्टा करत असेल. रुद्रेश म्हणाला, मलाही तसंच वाटलं.

पुढच्या फोनमध्ये थट्टा नव्हती. शाळेत मुख्याध्यापकांनी पाहुण्यांशी त्याची ओळख करून दिली होती : “हे इथं शिकवतात, असं म्हणतात.” पाहुण्यांनी समजूतदारपणे मान हलवली होती. कोणीही हसले नव्हते.

मी लेख उघडला आणि ते शेवटचे तीन शब्द खोडले. नुसते ‘पुत्र आहे’ असे केले. काही वेळातच बदल उलटवला गेला. उलटवणारी समृद्धी होती, मीच शिकवून तयार केलेली, अत्यंत प्रामाणिक संपादिका. तिने लिहिले, ‘सर, सहमती तुमच्याच मध्यस्थीने झाली आहे. नवा छापील संदर्भ असल्यास कृपया द्यावा.’ मी पुन्हा बदलले. दुसऱ्या कोणीतरी उलटवले. तिसऱ्या वेळी माझे संपादनाचे हक्क गोठवण्यात आले. निर्णयाची भाषा संयत होती आणि त्यात एकही चूक मला काढता आली नाही.

मी हुणसेकट्ट्याला गेलो.

दुपार कलली होती. अंगणात तुरीचे भुसकट पसरलेले होते. रुद्रेश दारातच भेटला. तो वाळला होता. दाढी केलेली नव्हती. आत चला म्हणाला, पण माझ्या मागून आत आला.

त्याच्या आईने, शिवम्मांनी, आम्हां दोघांना पाट दिले. दोघांपुढे गूळ आणि पाण्याचे तांबे ठेवले.

मी रुद्रेशकडे पाहिले. त्याने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि खाली पाहत राहिला.

“शिवम्मा,” मी म्हणालो, “हा रुद्रेश. तुमचा मुलगा.”

त्या माझ्याकडे मायेने पाहत राहिल्या.

“व्हय, हाय म्हणत्यात मला ल्योक. शिकलेली माणसं सांगत्यात म्हंजे आसंल.”

“हा इथं बसलाय.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिले. नीट पाहिले. नजर कुठेही चुकवली नाही.

माझ्याकडे त्यांना दाखवण्यासारखे काही नव्हते. जे होते ते ग्राह्य नव्हते.

“अव्वा,” रुद्रेश म्हणाला.

या बाईने त्याला ‘ए रुद्र्या’ म्हणून हाक मारलेली मी स्वतः पूर्वी ऐकली होती. तिने पदर सारखा केला.

“तुमी कुठल्या गावचं?”

त्याने पुढ्यातला तांब्या बाजूला सरकवला.

“लांबचं दिसतासा. दिवस बुडायच्या आत निघा बाबा. तुमची अव्वा वाट बघत आसंल.”

रुद्रेश उठला. त्याने तिला हात जोडले, “येतो” म्हणाला, आणि उंबऱ्याबाहेर चपला घालायला वाकला.