होडीच्या नावावरची पुस्तकं

मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या घाटीवर बर्फाचा कारखाना आहे, आणि त्याच्या माडीवर वाडीचं वाचनालय. खाली दिवसभर बर्फ फोडायचं यंत्र घरघरतं, खिडकीतून सुक्या मासळीचा वास आत येतो, आणि या दोहोंच्या मधोमध दर्शना बसते. ती तिथली ग्रंथपाल. नव्या माणसाला तो वास सोसत नाही. दर्शनाला तो येतही नाही.

या वाचनालयाची एक रीत आहे, ती दर्शनाला ग्रंथालयाच्या कोर्सात कुणी शिकवली नव्हती. इथं पुस्तक माणसाच्या नावावर जात नाही, होडीच्या नावावर जातं. खलाशी आज या होडीवर, उद्या त्या होडीवर; होडी मात्र जागची हलली तरी बंदराचीच. म्हणून होडीवर जेवढी माणसं तेवढी पुस्तकं द्यायची. एक माणूस, एक पुस्तक. ज्याचं त्यानं निवडायचं आणि तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, सगळी पिशवीत घालून न्यायची. घरी वाचायला नेलं तर गोष्ट वेगळी, ते आपल्या नावावर.

यंदा पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांनी शाकारून ठेवल्या, आणि वाचनालयात संगणक आला. पुस्तकं शोधायची, द्यायची, घ्यायची, सगळं त्यावर. आता त्या सॉफ्टवेअरला होडी काय ठाऊक? त्याला वाचकाची जन्मतारीख हवी. दर्शनानं होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली ती तारीख घातली. स्त्री की पुरुष, असं त्यानं विचारलं. तिनं बिनदिक्कत स्त्री लिहिलं आणि एकटीच हसली.

‘गिरिजा’पाशी आल्यावर मात्र तिचं हसू गेलं. गिरिजा तिच्या बाबांची होडी. बाबा, म्हणजे केरू तांडेल, आणि आणखी चौघे, मागच्या दिवाळीनंतर गेले ते आलेच नाहीत. फळी नाही, डबा नाही, काही नाही. शोधणारे थकले, वायरलेसवर हाका मारणारे थकले. आवडाबाईनं, दर्शनाच्या आईनं, मंगळसूत्र काढलं नाही आणि काढ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

गिरिजाच्या नावावर पाच पुस्तकं होती. बाबांचं हिमालयाचं प्रवासवर्णन. होडीवर जेवण करणाऱ्या बाबल्याचं पाककृतींचं. एकाचं राशिभविष्य, दोन रहस्यकथा. कामाचा नियम म्हणून दर्शनानं पाचही पुस्तकांपुढे ‘हरवले’ असं नोंदवलं. बाबांच्या पुस्तकापुढे ते लिहिताना तिला रडू कोसळलं. आपणच त्यांना बुडवतोय असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीला पाककृतींचं पुस्तक हवं होतं. दर्शनानं शोध घेतला. बाबल्याचं पुस्तक पहिलंच आलं. त्याच्यापुढे ‘हरवले’ नव्हतं, ‘उपलब्ध’ होतं. कपाट चौथं, वरचा कप्पा.

आपलीच काहीतरी गडबड झाली असणार, असं म्हणत ती कपाटापाशी गेली. पुस्तक तिथं होतं. कोरडं, नीट, कव्हर घातलेलं. पाटवड्यांच्या पानावर हळदीचं बोट उमटलं होतं. तिनं पुन्हा येऊन गिरिजाचं नाव काढलं. पुस्तकं पाचच होती. पाककृतींच्या जागी दुसरं आलं होतं, लोणच्यांचं. लोणच्यांच्या पुस्तकाची कप्प्यातली जागा रिकामी होती.

दर्शना काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. तिनं सरळ पुण्याला फोन लावला. सॉफ्टवेअरवाला संदेश मोठा मदतीचा मुलगा. त्यानं तिकडून सगळं तपासलं आणि म्हणाला की मॅडम, नोंद तुमच्याच संगणकावरून झाली आहे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. त्या वेळी दर्शना घरी भात कालवत होती. वाचनालयाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कनवटीला.

मग हे होतच राहिलं. राशिभविष्याच्या जागी दुसरं राशिभविष्य गेलं. रहस्यकथा आली, रहस्यकथा गेली. सगळं दुपारच्या सुट्टीत. एके दिवशी हिमालय परत आला. दर्शनानं पुस्तक उघडलं तर शेवटच्या पानात जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा होता, टोकाला गाठ मारलेला. बाबा खूण ठेवायचे ती अशीच. त्याच्या जागी आता आफ्रिकेचं प्रवासवर्णन गेलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला आनंद. घरी जाऊन तिनं आईला सगळं सांगितलं आणि दोरा दाखवला. आवडाबाईनं तो हातात घेऊन गाठ चाचपली, बराच वेळ चाचपली. मग म्हणाली, “वाचतायत ना? मग वाचू दे. तू मधी येव नको.”

तेव्हापासून दर्शना चांगली चांगली प्रवासवर्णनं पुढच्या कप्प्यात मांडू लागली. बाबांची तऱ्हा तिला माहीत होती. एखादं पुस्तक दुसऱ्याकडे असलं की ते काउंटरवर टेकून म्हणायचे, “माज्यासाठी ठेव हां. घाई नाय.” आणि खरंच महिनामहिना वाट बघायचे, दुसरं उचलायचे नाहीत.

जुलै संपत आला. होड्यांवरचे झाप उतरले, इंजिनं घरघरू लागली. दर्शनाचा धाकटा भाऊ दीपेश यंदा पहिल्यांदा समुद्रावर जाणार होता, रावजीकाकांच्या होडीवर खलाशी म्हणून. आयटीआय करून त्यानं एका कंपनीत वर्षभर स्क्रू आवळले होते, आणि आता पुरे म्हणून परत आला होता. दर्शनाला ते मुळीच पटलं नव्हतं. पण आईनं हो म्हटलं होतं. समुद्रावरच जगणारी माणसं आपण, किती दिवस त्याच्याशी अबोला धरणार, असं आईचं म्हणणं.

होड्या सुटायला दोन दिवस होते. दर्शनानं सवयीनं गिरिजाचं नाव काढलं. बाबांनी आज काय नेलं ते बघायचं, एवढंच.

पुस्तकं सहा होती.

पाच नेहमीची. सहावं बुद्धिबळाचं.

वाचनालयात बुद्धिबळाचं पुस्तक एकच, आणि ते वाचणाराही एकच. दीपेश. ते आत्ता त्याच्या नावावर घरी होतं. सकाळीच तिनं ते त्याच्या उशाशी पाहिलं होतं.

तिनं तारीख पाहिली. एक ऑगस्ट. परवाची. पुढची तारीख ते सॉफ्टवेअर घेतच नाही. तिनं दुसऱ्या पुस्तकावर घालून पाहिली, लाल अक्षरात नकार आला. परत घातली, परत नकार.

एक माणूस, एक पुस्तक.

खाली बर्फाचं यंत्र थांबलं होतं. दर्शनानं कुलूप लावलं आणि भर उन्हात घाटी चढून घरी गेली.

दीपेश ओटीवर पिशवी भरत बसला होता. दोन लुंग्या, स्वेटर, चार्जर, आणि सगळ्यात वर ते पुस्तक. आई बाजूला मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत होती. दर्शना म्हणाली की ते पुस्तक परत दे. तो म्हणाला, आत्ताच तर वाढवून घेतलंय, आणि होडीवर करमायला काहीतरी नको का?

“तू जाव नको, दीपेश.”

“बाबांमुळं म्हणतेस ना, ताई? मग वाडीतलं कुणीच जायला नको.”

दर्शनानं मग एवढंच सांगितलं.

“बाबांनी तुज्यासाठी पुस्तक घेऊन ठेवलंय.”

दीपेशला काही कळलं नाही. आवडाबाईला कळलं. तिनं लसणाचं सूप खाली ठेवलं, उठली, आणि त्याची पिशवी ओटीवर पालथी केली. लुंग्या पडल्या, चार्जर पडला. पुस्तक उचलून तिनं दर्शनाच्या हातात दिलं.

“यंदा नाय,” ती दीपेशला म्हणाली.

तो भांडला. संध्याकाळभर भांडला, आई-बहिणीला वेड लागलंय म्हणाला. आईच्या तोंडाकडे बघून शेवटी गप्प झाला.

एक ऑगस्टला रावजीकाकांची होडी दुसऱ्या खलाशाला घेऊन सुटली. दर्शना वाचनालयाच्या खिडकीत उभी होती. मागं कपाटाला कुलूप, आत बुद्धिबळाचं पुस्तक. ते चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी होडी परत आली, सगळी माणसं धडधाकट, खण कोळंबीनं भरलेला. रावजीकाका वाचनालयात येऊन खो खो हसले. ग्रंथपालबाई भविष्य पण सांगतात काय, म्हणाले. मग त्या कपाटातलं राशिभविष्य तुम्हीच लिवलं असेल.

दर्शनाही हसली. शरमली, पण मनातून तिला इतकं हलकं वाटलं की सांगता सोय नाही. नसेना का खरं. चूक झाली तर झाली. भाऊ घरी होता, तोंड फुगवून का होईना, ओटीवर बसून नाश्ता करत होता.

काका गेल्यावर तिनं गिरिजाचं नाव काढलं. पुस्तकं पाच. बाबांकडे अजून आफ्रिकाच होती.

तिनं कपाट उघडलं. बुद्धिबळाचं पुस्तक ठेवलं तिथंच होतं. आता ते दीपेशला परत द्यायला हरकत नव्हती. पोरगं तेवढ्यानं तरी खूश होईल, म्हणून ती ते घेऊन संगणकापाशी आली आणि शोध घेतला.

उपलब्ध.

खाली आणखी एक ओळ होती. ही सोय वाचनालयात अजून कुणी वापरली नव्हती. ती कशी वापरायची हे दर्शनानं कुणाला शिकवलंही नव्हतं.

राखीव. वाचक: गिरिजा.

तिच्या हातातलं पुस्तक थोडं उघडं राहत होतं. पहिल्याच पानात जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा होता, टोकाला गाठ मारलेला.

तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शेऱ्याच्या जागी दोनच शब्द होते.

घाई नाय.